मामाचा खटारा

कुत्र्याचा तुटका कान डावा होता की उजवा, एवढा एकच साधा प्रश्न मी आबांना फोनवर विचारला होता.

“कुत्र्याचा हुता,” आबा म्हणाले.

“आवं कुत्र्याचाच, पर कुठल्या बाजूचा?”

“लांडग्यानं धरला त्या बाजूचा. तुला काय करायचंय त्या कानाचं? कुत्रं मरून जमाना झाला.”

मी फोन ठेवला आणि ओट्यावरची भांडी गरज नसताना आपटून जागेवर लावली. नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, “सापडला का कान?” एक साधं चित्र विकत घ्यायचं तर माणसाचं डोकं किती फिरावं याला काही मर्यादा असायला हवी. मला तरी ती तोवर दिसली नव्हती.

आबा म्हणजे माझे वडील. ऐंशी कधीच ओलांडलेली. माण तालुक्यातल्या आमच्या गावी भावाजवळ राहतात. जन्म मेंढरांमागे गेला, आता दारातल्या बाजेवर बसून भावाच्या शेळ्यांना नावं ठेवतात. मी सांगलीत, एका विमा कंपनीच्या कचेरीत. दावे तपासणं हे माझं काम. कुणाची गाडी ठोकली, कुणाची म्हैस दगावली की लोक येतात, रडतात, शपथा घेतात आणि मी म्हणते, कागद दाखवा. हे वाक्य तोंडात इतकं बसलंय की भाजीवाली मेथी ताजी आहे म्हणाली तरी ते माझ्या ओठांवर येतं.

आबांचाही एक दावा आहे, आणि तो माझ्या जन्माच्या आधीपासून प्रलंबित आहे.

त्यांचं म्हणणं असं. तरणे असताना एका वर्षी त्यांचा मेंढरांचा तळ औंधच्या पुढं, यमाईच्या डोंगराखाली, कुणाच्या तरी शेतात पडला होता. दुपारच्याला पँट घातलेला, खांद्याला पिशवी अडकवलेला एक माणूस आला, बाभळीखाली बसला आणि चित्रं काढायला लागला. मेंढरं काढली, कुत्रं काढलं, आबांना काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. आबांनी त्याला भाकरी दिली, खर्डा दिला, भरपूर गप्पा मारल्या आणि तो गेला. पुढं काही वर्षांनी आबांनी दहिवडीच्या बाजारात फुटाणे घेतले, तर पुडीच्या कागदावर आबा स्वतः उभे. खांद्यावर घोंगडं, डोक्याला पागोटं, वाकडं नाक आणि पायाशी तुटक्या कानाचं कुत्रं. फुटाणे तिथंच कुणाला तरी देऊन आबा तो कागद घडी घालून घरी घेऊन आले.

ती एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावरची चित्रकथा होती. एक धनगर आणि त्याचं कुत्रं गावोगाव फिरतात आणि लोकांनी करून ठेवलेले घोळ निस्तरतात, एवढाच विषय. चित्रकार साताऱ्याचे, आता हयात नसलेले. आमच्या भागात ज्या घरी पेपर यायचा त्या घरातल्या पोरांना तो धनगर घरच्या माणसासारखा माहीत होता. आमच्या घरी पेपर येत नसे, पण आमचे मास्तर जुने अंक मला द्यायचे आणि मी ते आबांना वाचून दाखवायची. आबांना अक्षर येत नाही. ते चित्रावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “ह्यो म्या.” मग मी फुग्यातलं बोलणं वाचायची, “मित्रांनो, घाबरू नका, मी आलोच!” की आबांचं तोंड वाकडं व्हायचं.

“चित्रात म्या हाय,” ते म्हणायचे, “पर बोलतोय मास्तर.”

आई नेमकं तेच धरायची. “बगा की, तुमी असं बोलता व्हय कवा? त्यो दुसराच कोन तरी हाय. आन् समद्या धनगरांची नाकं वाकडीच असत्यात.” गावातली माणसं आबांना ‘चित्रातलं पावणं’ म्हणायची. माझ्या लग्नात आबांनी वरपक्षाच्या म्हाताऱ्यांना बसवून ही हकीकत सांगितली, तेव्हा मांडवात मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. आई जाईपर्यंत हसत राहिली. आबा काही सांगायचे थांबले नाहीत.

आणि मग एके दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत फोनवर कुणीतरी पाठवलेली जाहिरात आली. त्या चित्रकथेची मूळ पानं, स्वतः चित्रकारांच्या हातची, विकायला आहेत. खाली त्या धनगराचं चित्र. डबा तसाच राहिला. मला वाटलं, आबा आहेत तोवर यातलं एक पान त्यांच्या हातात द्यावं आणि द्यायचं तर ठामपणे सांगून द्यावं की आबा, हे तुम्हीच. आता ठामपणे सांगायचं म्हणजे आधी मला ते नक्की कळायला हवं होतं. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

जुनी चित्रं जमवणाऱ्या लोकांचा एक गट असतो. त्यांतल्या पुण्याच्या एका जाणकारांचा नंबर मला कुणी तरी दिला. गृहस्थ सज्जन, पण एकदा बोलायला लागले की आपल्याला श्वास घ्यायलाही त्यांची परवानगी लागते. “आधी त्या माणसाचं सगळं काम डोळ्यांखालून घाला,” ते म्हणाले, “मगच पैशाला हात लावा.” मूळ पान छापलेल्यापेक्षा मोठं असतं. काळी शाई सगळीकडे सारखी नसते. चुकलेल्या जागी पांढऱ्या रंगाचे डाग असतात, शाईखाली पेन्सिल दिसते. आणि सहीवर मुळीच जायचं नाही, कारण उतारवयात त्यांचा हात थरथरायला लागल्यावर चित्रं विद्यार्थी काढायचे आणि सही तेवढी यांची असायची. हे सगळं मी कागदावर उतरवून घेतलं. शेवटी मी विचारलं, “म्हणजे एवढं सगळं जुळलं की पान खरं?” ते म्हणाले, “तसं खात्रीनं सांगता येत नाही.”

मग सगळं काम बघायचं म्हणून मी सांगलीतल्या जुन्या वाचनालयात खेटे घालायला सुरुवात केली. तिथल्या बाईंनी मला जुन्या अंकांचे बांधलेले गठ्ठे काढून दिले, धूळ माझ्या पदरानं पुसू दिली आणि “झेरॉक्स मिळणार नाही” हे मी न विचारताच सांगितलं. मी पहिला गठ्ठा उघडला. रविवारच्या पानाच्या मधोमध एक खिडकी. पुढचा रविवार, पुन्हा खिडकी. गावभरच्या पोरांनी ब्लेडनं चित्रकथा कापून नेल्या होत्या. तांदळाचे भाव होते, पाटबंधारे खात्याच्या निविदा होत्या, निधनवार्ता जशाच्या तशा होत्या. मला हवं तेवढंच नव्हतं.

“दुसरे गठ्ठे?” मी विचारलं.

“महापुरात गेले,” बाई म्हणाल्या.

सांगलीत कुठलीही गोष्ट मागा, ती महापुरात गेलेली असते. कृष्णा घरात शिरली हे खरं, माझ्याही घरात शिरली होती, पण ती इतकं सगळं घेऊन गेली असेल यावर माझा विश्वास नाही. ज्याला माळ्यावर चढायचा कंटाळा आहे त्याचं सगळं महापुरात गेलेलं असतं. एका माजी वार्ताहराकडे संग्रह होता, तो महापुरात गेला. एका शाळेत फायली होत्या, त्या महापुरात गेल्या. ती शाळा टेकाडावर आहे.

गणपती पेठेच्या पलीकडं एक रद्दीवाला जुनी पुस्तकं विकतो. त्यानं चक्क एक ‘ओरिजिनल’ काढून दाखवलं. मी पट्टी घेऊनच गेले होते. मापलं, तर छापलेल्याएवढंच. शाई एका दमात ओढलेली, पांढऱ्याचा ठिपका नाही. कुणी तरी छापील पानावर कागद ठेवून गिरवलं होतं, तेही घाईत, कारण धनगराच्या एका हाताला अंगठाच नव्हता. मी ते दाखवल्यावर रद्दीवाला म्हणाला, “ताई, तुम्हाला चित्र पाहिजे का अंगठा?” हळदीच्या बाजारात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि मग भाव करतो. चित्र मोडून बघता येत नाही, हीच या धंद्यातली मोठी अडचण आहे.

मग कळलं की चित्रकार काही वर्षं पाचगणीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत आणि तिथल्या एका हॉटेलात त्यांची चित्रं लावलेली आहेत. नवऱ्याला सुट्टी काढायला लावून आम्ही गेलो. चित्रं होती, काचेच्या फ्रेमा होत्या, खाली पितळी पट्ट्याही होत्या. जवळून बघितलं तर सगळी छापील पानं, आणि एका पानाच्या मागून तर सिनेमाच्या जाहिरातीची अक्षरं उमटलेली दिसत होती. मालक म्हणाला, “पर्यटकांना काय कळतंय मॅडम?” नवऱ्यानं शांतपणे स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लं आणि परतताना घाटात म्हणाला, “एकंदरीत सहल चांगली झाली.” त्या माणसाचा हा स्वभाव मला लग्नानंतर फार उशिरा कळला.

तरीही जिथून मिळेल तिथून, कुणाच्या कपाटातल्या कात्रणांवरून, कुणी पाठवलेल्या फोटोंवरून, मी बरीचशी चित्रकथा नजरेखालून घातली. कुठली पानं त्यांच्या हातची आणि कुठली विद्यार्थ्यांची, हे मला सहीकडे न बघता कळायला लागलं. त्यांचं मेंढरू चरताना खरंच चरायचं. विद्यार्थ्यांच्या मेंढरांचे पाय टेबलासारखे. इथवर ठीक. पण आबांच्या दाव्याचं काय? वाकड्या नाकावर आई म्हणायची तेच खरं होतं, तसली नाकं आमच्याकडं पैशाला पासरी. घोंगडं आणि पागोटं कुणाचंही असेल. चित्रकारांच्या छापून आलेल्या मुलाखतीत औंधचा उल्लेख होता, पण औंधला कोण जात नाही? उरला कुत्र्याचा कान. म्हणून मी कान तपासायला बसले, तर सुरुवातीच्या पानांत तो डावा, पुढं उजवा, पुढं पुन्हा डावा आणि विद्यार्थ्यांच्या काळात दोन्ही कान शाबूत. म्हणून तो फोन. आणि म्हणून आबांचं ते उत्तर.

“झाला मामाचा खटारा,” मी स्वतःशीच म्हणाले.

हा आबांचा शब्द. त्यांच्या मामाकडे एक बैलगाडी होती, आणि ती म्हणे वाटेतल्या प्रत्येक ओढ्यात रुतल्याशिवाय पुढं जात नसे. तेव्हापासून काहीही अडकलं, मेंढी अडली, एसटी बंद पडली, कुणाची सोयरीक मोडायला आली, की आबा कपाळावर हात मारून म्हणतात, “झाला का मामाचा खटारा!” आमच्या घराबाहेर हे कुणी म्हणत नाही. नवऱ्यालाही ते माझ्याकडून लागलं, आणि कचेरीत एकदा तोंडून गेलं तर साहेबांनी विचारलं होतं, कुणाच्या मामाचा?

माझ्या कचेरीच्या हिशेबानं दावा नामंजूर होता. पुरावा अपुरा. मी ठरवलं, आता खातरजमा पुरे, पान खरं आहे एवढं बघायचं, घ्यायचं आणि आबांना द्यायचं. हे तुम्हीच असं म्हणायचं की नाही, ते वेळेवर बघू.

जाहिरात चित्रकारांच्या पुतण्याची होती. तो साताऱ्यात राहतो. त्याच्या फ्लॅटवर पोचले तर तो जेवणाच्या टेबलावर एक मूळ पान पसरून, हातात खोडरबर घेऊन, पेन्सिलीच्या रेघा खोडत बसला होता.

“हे काय करताय?” मी जवळजवळ ओरडलेच.

“साफ करतोय,” तो म्हणाला. “काकांनी लई रेघोट्या मारून ठेवल्यात. गिऱ्हाईकाला स्वच्छ माल लागतो.”

टेबलावर खोडरबराचा चुरा साचला होता. जे बघायला मी वर्षभर वणवण केली तेच तो फुंकर मारून फरशीवर पाडत होता. एवढंच नाही. चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांवर कागदाच्या पिवळ्या पडलेल्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, त्या काढून त्यानं संगणकावर छापलेल्या नव्या, पांढऱ्याशुभ्र पट्ट्या लावायला घेतल्या होत्या. माणसाच्या हातच्या, वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या कामाला त्यानं लग्नपत्रिकेची कळा आणली होती.

“या जुन्या पट्ट्या कसल्या?” मी विचारलं.

“काका फुग्यात पेन्सिलीनं लिहायचे. पेपरच्या हापिसात ते दुरुस्त करून, चांगल्या अक्षरात पट्टीवर लिहून वर डकवायचे. काकांचं लिहिणं गावठी हुतं ना. पेपरमधी चालायचं नाही.”

मी खुर्चीवर बसले. हे मला इतक्या दिवसांत कुणीही सांगितलं नव्हतं. पुण्याच्या जाणकारांनी शाई सांगितली, कागद सांगितला, पांढरा रंग सांगितला, पण त्या धनगराच्या तोंडचं बोलणं चित्रकाराचं नव्हतंच, हे नाही सांगितलं. “चित्रात म्या हाय, पर बोलतोय मास्तर.” आबांना ते ऐकता ऐकता कळलं होतं.

“पट्ट्यांखाली काय लिहिलेलं असतं?”

“काय की. निघालं की मी खोडतो.”

त्याला मारावंसं वाटलं, पण चित्रं त्याची होती. मी म्हटलं, ज्याला अजून हात लावला नाही असं पान दाखवा. साफ न केलेलं त्याच्याकडे एकच उरलं होतं. त्याबद्दल त्यानं माफीही मागितली. सुरुवातीच्या काळातलं पान, नक्की त्यांच्या हातचं. मेंढरांच्या पायांवरूनच कळत होतं. शेवटच्या चौकोनात गुरुजींची सायकल ओढ्याच्या चिखलात रुतली आहे, गुरुजी धोतर वर धरून उभे आहेत आणि काठावर तो धनगर कपाळाला हात लावून. त्याच्या तोंडापुढच्या फुग्यावर पट्टी : “अरेरे! गुरुजींची सायकल चिखलात रुतली वाटतं!” आणि त्या पट्टीकडे समासातून लाल शाईचा एक बाण आला होता. बाणापाशी संपादकी अक्षरात लिहिलेलं होतं : “अर्थ लागत नाही. बदलावे.”

मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाकीच्या पट्ट्यांपाशी बाण नव्हते. गावठी भाषा ते नेहमीच बदलत, त्याला शेरा लागत नसे. इथं मात्र असं काहीतरी लिहिलेलं होतं की त्याचा अर्थच त्यांना लागला नव्हता. पट्टीचा एक कोपरा खळ सुकून थोडासा उचलला गेला होता. त्या कोपऱ्याखाली पेन्सिलीचा एक काना दिसत होता. नुसता एक काना.

“तो लाल डागपण घालवतो हां मी,” पुतण्या म्हणाला आणि खोडरबर घेऊन वाकला.

मी पान त्याच्या हाताखालून ओढूनच घेतलं. त्यानं सांगितलेल्या किमतीवर मी घासाघीससुद्धा केली नाही. वर्षभर खात्री करून करून थकलेली बाई, आणि खरेदी केली ती एका कान्यावर. कचेरीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

घरी येऊन पुण्याला फोन लावला. जाणकार घाबरेच झाले. “पट्टी अजिबात काढू नका! पट्टीसकट आहे तेच मूळ. ती काढली की पानाची किंमत निम्म्यानं उतरली म्हणून समजा.” मी विचारलं, पण खाली काय लिहिलंय ते कसं कळणार? ते म्हणाले, ते कळायची गरज नसते. अशा पानांची किंमत त्या प्रश्नात असते. मी आभार मानले, फोन ठेवला आणि भाजीची पातळ सुरी घेतली.

खळ जुनी होती, पिठाची. सुरीचं टोक हळूच आत घातल्यावर ती पापडासारखी सुटत गेली. नवरा समोर बसून श्वास रोखून बघत होता. त्याला स्ट्रॉबेरी क्रीम सोडून दुसऱ्या कशात इतका रस घेताना मी पाहिलं नव्हतं. पट्टी अख्खी निघाली. खाली पेन्सिलीचं बारीक, तिरकं अक्षर. पुसट, पण पुरेसं.

“झाला का मामाचा खटारा!”

नवऱ्यानं वाकून वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. मला एकाएकी रडू यायला लागलं आणि त्याचाही मला रागच आला. इतकी सोपी गोष्ट इतकी वर्षं एका बोटभर कागदाखाली दडपून ठेवली होती, आणि का, तर कचेरीत बसलेल्या कुणाला अर्थ लागला नाही म्हणून. लागेल कसा? तो अर्थ आमच्या घरात राहत होता. विचारायला यायचं होतं.

रविवारी सकाळीच गावाला निघालो. आबा दारात बाजेवर बसले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं ते करू देत नाहीत. मी पान त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, उन्हाकडं तिरकं केलं. मग बोट ठेवलं.

“ह्यो म्या,” ते म्हणाले. बोट खाली सरकलं. “ह्ये कुत्रं. कान डावा हुता की.”

“आवं मग फोनवर सांगायला काय झालं हुतं?”

“तवा कुत्रं म्होरं न्हवतं.”

मी दात-ओठ खाल्ले आणि म्हटलं, “ऱ्हाऊ द्या. आबा, ह्यो फुगा बगा. ह्यात त्या चित्रवाल्यानं सोताच्या हातानं काय लिवलंय त्ये ऐका.” आणि वाचलं, आबा म्हणतात तसंच, कपाळाला हात लावून. “झाला का मामाचा खटारा!”

आबा हसले. सगळं अंग हलवून, खोकला लागेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “म्याच म्हनलं हुतं त्येला,” ते म्हणाले. “त्येची रंगाची पिशवी वढ्यात पडली, आन् काढाया गेला तर बेणं सोताच रुतलं गुडग्यापातूर. तवा म्हनलं. लय हसला त्यो. म्हनला, पुन्यांदा म्हना.” पुन्हा हसले. इतक्या वर्षांत ही पिशवीची गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती, किंवा तिथपर्यंत पोचायच्या आधीच आम्ही हसत असू.

मला इतका आनंद झाला होता की वर्षभराची सगळी वणवण, वाचनालयातल्या खिडक्या, तो अंगठा, ते हॉटेल, सगळं वसूल झाल्यासारखं वाटलं. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “आबा, तुमचं खरं निघालं की!”

आबांचं हसू थांबलं.

“निघालं?” ते म्हणाले.

त्यांनी पान मांडीवर नीट सरळ ठेवलं, त्याच्या कडांवरून हात फिरवला.

“तुजी आई हसायची,” ते म्हणाले, “गाव हसायचं. हसू दे म्हनायचो. मला वाटायचं, ही बसून वाचून दावती, फोन करकरून कुत्र्याचा कान इचारती, म्हंजी हिला तरी ठावं हाय.”

“आबा...”

“म्हंजी तुला खरं वाटत न्हवतं.”

“आता वाटतंय की, आबा.”

“आता काय,” आबा म्हणाले. “आता कागदावर हाय.”